लॉन ट्रॅक्टर माळावर उतरवताना

मा. संपादक,
स.न.

गवत कापायचा जुना लॉन ट्रॅक्टर चिखलात, चढावर पळवायचा तर खालचा पात्यांचा डेक काढला की झाले, असे नाही. वेग ठरतो पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुल्यांवर. इंजिनावर ३ इंची आणि गिअरबॉक्सवर ७ इंची पुली असेल, तर तिथे ४ आणि ६ इंची बसवल्यावर वेग दीडपटीहून थोडा जास्त होतो. ताशी ८ किलोमीटरचे साधारण १२.४. पट्टा नव्याने मोजून घ्यावा. मूळ ब्रेक एवढ्यालाही अपुराच, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर डिस्क ब्रेक हवा. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सवर हा प्रयोग नकोच. तेल तापते आणि पंप झिजतो.

सर्वांत घातक खोड म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढणे. ही इंजिने मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांच्या बेताची. त्यापुढे पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) तुटून ब्लॉक फोडतो.

वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल वेल्ड केले की दोन्ही चाके सारखी ओढतात खरी, पण कडक जमिनीवर वळताना अ‍ॅक्सलची चावी (चाक घट्ट धरणारी लोखंडी पट्टी) कातरली जाते. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, लॉनचे बारीक नक्षीचे टायर दोन फेऱ्यांत चिखल भरून लाडवासारखे होतात. खोल, तिरप्या खाचांचेच घ्यावेत. टायर मोठे असतील तर वेग आणखी वाढतो. हा हिशेब पुल्या निवडतानाच धरावा.

आणि सीटखालचा स्विच! चालक पडला तर इंजिन बंद करतो तो. त्याला वायर जोडून बाद करण्याची हुशारी कुणी करू नये.

– दोन वाचक, इंदूर