डबी उघडली असती तर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवाच मिळालं. फ्रेंच लेखक मोपासांची ती ‘द नेकलेस’, हाराची गोष्ट वाचून ‘शेवटच्या ओळीत हार खोटा निघतो, लेखकाने गंडवलं’ असं तू लिहिलंयस. चीड खुशाल, पण मला सांग, त्यातली ती काळ्या सॅटिनची डबी आठवते का तुला?

मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवल्यावर माटिल्ड आणि तिचा नवरा डबीत ज्याचं नाव होतं त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळतो आणि म्हणतो, हा हार माझ्याकडचा नव्हे, मी नुसती डबी दिली असेन. अरे, खऱ्या हिऱ्यांच्या हाराला डबी दुसऱ्या दुकानातली कशी? १८८४ साली छापलेल्या या गोष्टीत मोपासांने ऐन मध्यावर पत्ते उघडे टाकलेत. आपण मात्र ‘आता तसाच हार कुठे मिळणार’ या घोरात पुढे पळतो.

पण मला छळते ती त्यापुढची जागा. ३६,००० फ्रँकला तसाच हार घेतात. निम्मे पैसे नवऱ्याला वडिलांकडून आलेले, निम्मे कर्जाऊ. माटिल्ड तो परत द्यायला जाते. मैत्रीण जरा तुटकपणे म्हणते, लवकर आणायचास की, मला लागला असता. आणि डबी उघडत नाही! ती उघडेल, बदललेला हार ओळखेल आणि आपल्याला चोर ठरवेल, म्हणून माटिल्डचा जीव टांगणीला लागलेला असतो. ज्याची धास्ती, तेच झालं असतं तर ती सुटली असती. हार पाहून मैत्रीण चमकली असती, विषय निघाला असता आणि कर्ज फेडायला दहा वर्षं भांडी घासावी लागली नसती.

माझ्या मुंजीत आईने मामीच्या पाटल्या घातल्या होत्या. परत करताना दोघी खिडकीत उभ्या राहून पाटल्या उलटसुलट करून बघत होत्या. मला तेव्हा ते फार कद्रूपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तुला जे गंडवणं वाटलं ती ‘आयरनी’, म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं. तिला मराठीत ‘उपरोध’ एवढंच शिकवून आपल्या डोक्यात घोळ करून ठेवलाय. उपरोध बोलण्यात असतो. तासभर उशिरा येणाऱ्याला ‘या, फार लवकर आलात!’ म्हणतो ना, तो. इथे फासे उलटे पडतात ते घटनांचे. त्याला दैवदुर्विलास म्हणावं, तर तेही मला पुरतं पटत नाही. हार हरवला हे दैव. पण ‘हाराची कडी तुटलीय, दुरुस्तीला टाकलाय’ अशी मैत्रिणीला चिठ्ठी नवरा सांगतो आणि ती लिहिते, त्यात दैवाचा काय संबंध? गरिबी दिसू नये म्हणून मारलेली थाप आहे ती. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

अमेरिकन लेखिका केट शोपॅनची १८९४ सालची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ याच्याशेजारी ठेवून बघ. तिथे नवरा मेल्याच्या बातमीनंतर बंद खोलीत बायकोला सुटल्यासारखं वाटतं, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तो जिवंत परत येतो, ती कोसळते आणि डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली. आपल्याला माहीत, डॉक्टरांना नाही. मोपासां हीच गंमत दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवतो. पहिल्यांदा आपणही माटिल्डइतकेच अडाणी असतो. दुसऱ्यांदा वाचताना ती एकटीच उरते.

म्हणून माटिल्ड आणि मैत्रिणीची शेवटची भेट पुन्हा वाच. ‘तुला कळलंच नाही ना? अगदी सारखे होते,’ असं म्हणून माटिल्ड अभिमानाने, भाबडेपणाने हसते. त्या हसण्यापाशी मी दर वेळी पुस्तक मिटतो. पुढची ओळ वाचवत नाही.

काकूंना नमस्कार सांग. आणि माझं पुस्तक परत आणशील तेव्हा पानं मोजून घेईन, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझाच,
अण्णा