फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

मा. संपादक,
महोदय,

संगणक वारंवार बंद पडू लागला, की दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय ठरलेला असतो : फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे. बिघाड रॅममध्ये, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीत, असेल तर हा उपाय निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही ठरतो, हे मला या पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने कळले.

मी नौपाड्यात गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिण्याचे काम करतो. संस्थांना ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागत असल्याने ऑगस्ट हा आमचा लगीनघाईचा महिना. नेमक्या त्याच दिवसांत माझा संगणक दिवसातून दोन-तीनदा निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. कधी त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहून येई, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया’, तर कधी काहीच न सांगता तो आपोआप रीस्टार्ट होई. दुरुस्तीवाल्याने व्हायरसचे निदान करून फॉरमॅट केले. चार दिवसांत पुन्हा तेच सुरू झाल्यावर हार्ड डिस्क जाण्याच्या बेतात आहे असे सांगून त्याने तिच्या जागी एसएसडी (माहिती साठवण्याचे नव्या प्रकारचे साधन) बसवली, आणि त्या कोऱ्या एसएसडीवरही तिसऱ्या दिवशी निळा पडदा उमटला.

खरे तर दर वेळी वेगळा संदेश येणे हीच खूण होती. एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारा छोटा प्रोग्राम) सदोष असेल तर संगणक सहसा त्याच कामाच्या वेळी, तीच तक्रार करून कोसळतो. रॅममधील एखादी जागा खराब असेल, तर त्या क्षणी तिथे काय येऊन बसले आहे त्यावर परिणाम ठरतो. विंडोजचा गाभा असेल तर निळा पडदा, ब्राउझर असेल तर फक्त ब्राउझर बंद, आणि खतावणीतील रक्कम असेल तर कदाचित काहीच होत नाही. चुकीचा आकडा निमूटपणे जतन होतो. यांतील शेवटची शक्यता मला सर्वांत भयंकर वाटते. शिवाय नव्याने टाकलेली विंडोज, बाजूला काढलेल्या फायली, त्यांचा बॅकअप हे सारे त्याच सदोष रॅममधून जाते. माझा एक झिप केलेला बॅकअप उघडेना, तेव्हा ऐरोलीत नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मामा, रॅम कोणी तपासली का?”

कोणीही तपासली नव्हती. भाच्याने मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून दिला. तो विंडोज सुरू न होऊ देता थेट पेन ड्राइव्हवरून चालतो, त्यामुळे विंडोजचा दोष की यंत्राचा, हा वादच उरत नाही. रात्री तपासणी लावून घरी गेलो; सकाळी येऊन पाहतो तर पडद्यावर लाल ओळींची रांग. प्रत्येक ओळीत काय लिहिले होते आणि काय वाचले गेले हे दाखवलेले, आणि दर वेळी फरक एकाच बिटचा, म्हणजे शून्य किंवा एक एवढेच मावणाऱ्या एका घराचा : शून्य लिहिले तर परत येत होते ०००००४००. ही मोजणी सोळाच्या पटीतली, म्हणजे आपल्या आकड्यांत १०२४. पूर्णांक म्हणून ठेवलेले १२,५०० त्या जागी पडले असते, तर १३,५२४ होऊन बाहेर आले असते. आयुष्यभर तेरजेतला (ट्रायल बॅलन्समधला) फरक शोधत बसलेल्या माणसाला यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

पुढचे निदान चिकाटीचे आहे, पण अवघड नाही. वीज बंद करून, वायर काढून, ज्याला आपण सगळे चुकीने सीपीयू म्हणतो तो डबा उघडायचा आणि रॅमची एकच पट्टी ठेवून तपासणी चालवायची. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्डकडे पाहावे. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टीचे सोनेरी संपर्क मळतात, त्यामुळे ते खोडरबराने हलकेच पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवणे हा जुना उपायही आधी करून पाहण्यासारखा आहे. रॅम नेमून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवण्याची सेटिंग दुकानातच सुरू करून दिली असेल, तर ती बंद करून पुन्हा तपासावे. विंडोजमध्येही रॅम तपासण्याची सोय आहे. मात्र अशा कोणत्याही तपासणीत चूक सापडली तर ती गांभीर्याने घ्यावी, न सापडल्यास लगेच निर्धास्त होऊ नये.

हा बिघाड दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही. गूगलच्या सर्व्हरांवरील नोंदींचा टोरंटो विद्यापीठाच्या सहभागाने झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलांमध्ये, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांमध्ये, चुका नोंदल्या गेल्याचे दिसले. त्या सर्व्हरांत चूक ओळखून एका बिटची दुरुस्ती करणारी ईसीसी मेमरी असते, म्हणून तिथे नोंद तरी होते. आपल्या घरच्या आणि कचेरीतल्या संगणकांत ती सहसा नसते, त्यामुळे चूक होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

माझी ठाण्यातील दुरुस्ती व्यावसायिकांना विनंती एवढीच, की फॉरमॅटचे पैसे घेण्याआधी एक रात्र रॅमची तपासणी लावावी आणि तिचा निकाल बिलावर लिहून द्यावा. ग्राहकांनीही तो मागावा, आणि रॅमची पावती व पट्टीवरील अनुक्रमांकाचा फोटो जपून ठेवावा. अनेक उत्पादक रॅमवर दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात, पण कागद नसला की तिचा उपयोग होत नाही. माझी खराब पट्टी बदलून मिळेपर्यंत उरलेल्या ८ जीबीवर काम निभावले, आणि एकदाही निळा पडदा आला नाही. बिघाडाच्या तीन आठवड्यांत घेतलेले दोन संस्थांचे बॅकअप मात्र अजून उघडत नाहीत. सध्या त्यांची पावतीपुस्तके समोर घेऊन सगळ्या नोंदी पहिल्यापासून करत आहे.

आपला,
एक हिशेबनीस
नौपाडा, ठाणे (पश्चिम)