दिगूस पत्र : मशीनवरच्या नक्षीबद्दल

धरमपेठ, नागपूर
रविवार

प्रिय दिगू,

"रिटायर झाल्यावर लोक बागा लावतात, तू गोधड्या काय शिवून राहिला बे?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. पण तू आईंची मशीन माळ्यावरून उतरवून तिला तेल दिलंस, हे वहिनींनी हिला सांगून टाकलं. म्हणजे तुलाही खाज सुटलेलीच आहे. तर आता सगळं बैजवार लिहितो, कारण फोनवर हे कळण्यासारखं नाही.

साध्या शिवणीत सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात, आपण फक्त दिशा देतो. मी करतो त्याला फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात, म्हणजे गोधडीचे तिन्ही थर मशीनवर मोकळ्या हाताने नक्षी काढत शिवणं. या प्रकारात दात्यांना सुट्टी. कापड दोन्ही हातांनी आपणच फिरवायचं, पुढे, मागे, आडवं, गोल, कसंही. पेन एका जागी धरून खालचा कागद हलवत सही करून बघ, म्हणजे कशाशी गाठ आहे ते कळेल. नव्या मशिनींत दाते खाली घ्यायची कळ असते. आईंच्या काळ्या मशीनला ती नसेल तर दात्यांवर बसणारी पट्टी मिळते, आणि तीही नाही मिळाली तरी टाक्याची लांबी शून्यावर आण. दाते वरखाली होत राहतील, पण कापड ओढणार नाहीत. फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा तुकडा, मात्र बदलावाच लागतो. रफूचा, म्हणजे डार्निंगचा फूट माग. तो सुईबरोबर उड्या मारतो आणि सुई वर असताना कापड मोकळं सोडतो. हाताने चाक फिरवायची मशीन इथे कामाची नाही, कारण दोन्ही हात कापडावर हवेत. पायाची चालते, मोटर असेल तर उत्तमच.

सामानाचं थोडक्यात. गांधीबागेतून मांजरपाट घे, सरावाला त्यापेक्षा स्वस्त काही नाही. आत भरायला सुटी रुई नको, ती सरकून गोळे होतात. जुनं पातळ सुती ब्लँकेट चालतं. सुई ९० नंबरची. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर नीट ताणून चार-चार बोटांवर सेफ्टी पिना लाव, आणि शिवताना पिन जवळ आली की काढत जा. तळव्याला रबराचे ठिपके असलेले हातमोजे घाल, कापडावर पकड येते. मे महिन्यात मी हे सगळं सकाळीच उरकतो. कूलर कितीही ओरडला तरी दुपारी मोज्यांत हात भिजतात.

आता खरी गंमत. टाक्याची लांबी कोण ठरवतं? मशीन नाही. पाय किती दाबला आणि हात किती वेगाने सरकला, या दोघांच्या मेळावर ती ठरते. पाय जोरात, हात हळू, तर टाके मुंगीएवढे. उलट झालं तर एवढे लांब की पायाच्या बोटात अडकतील. नवा माणूस घाबरून पाय हळू ठेवतो आणि वळणावर हात झटकतो. मग अस्तराच्या बाजूला, नेमक्या वळणावर, खालचा दोरा सरळ पडतो आणि वरच्या दोऱ्याचे फासे पापणीच्या केसांसारखे बाहेर येतात. उलटून नख फिरव, लगेच लागतील. लोक टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळत बसतात. आधी वळणावर हात हळू करून बघावा. आणि खाली दोऱ्याचं घरटंच झालं तर फूट वर-खाली करायचा खटका बघ. हा फूट खाली असतानाही कापडावर घट्ट बसत नाही, त्यामुळे खटका वर राहिल्याचं ध्यानात येत नाही, आणि खटका वर असला की वरच्या दोऱ्याला ताणच नसतो.

नक्षीत पहिली घे ती नागमोडी, स्वतःलाच न छेदणारी. सगळे तिला सोपी म्हणतात, मला ती मोठी कपटी वाटते. चारी बाजूंनी आपल्याच रेषांनी वेढले जातो आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून नजर सुईवर नको, पुढच्या रिकाम्या जागेवर हवी. सायकल शिकताना मास्तर ओरडायचे तेच. माझ्या मते या कलेत हेच एक शिकण्यासारखं आहे, टाके आपोआप सुधारतात.

कुयरी मात्र माझी लाडकी. टोकापासून निघायचं, पोट फुगवत फिरून परत टोकाशी यायचं. मग पाव इंच सोडून तिच्याच भोवती दुसरी रेघ, पुन्हा टोकाशी. हवी तर तिसरी. पुढची कुयरी आधीच्या रेघेला चिकटून, मोकळ्या जागेकडे तोंड करून. अडकलास तर शिवलेल्या रेघेवरूनच मागे सरक, कोणाला पत्ता लागत नाही. तीस वर्षं ड्राफ्ट्समनकी करूनही मी आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल न उचलता पानंच्या पानं काढतो. हाताला वाट पाठ झाली की मगच मशीनवर बसायचं.

सुरुवात नेहमी मधून, बाहेरच्या दिशेने, नाहीतर मध्ये चुण्या कोंडतात. आणि एक कोपरा दाट, दुसरा विरळ असं नको, गोधडी लाटा मारते.

तुझी ताई म्हणणारच की हाताच्या धावदोऱ्याची तीच गोधडी. हाताच्या गोधडीचा मऊपणा वेगळा, हे मीही मानतो. पण ही कुरकुर आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत केंटकीमधल्या पडूका गावी रजयांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे १९८९ साली मशीनवर टाके घातलेल्या रजईला पहिल्यांदाच सर्वोच्च बक्षीस मिळालं, कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या, तेव्हा हाताने शिवणाऱ्यांत नाराजी झालीच. ताईला सांग, किंवा नकोच सांगू.

तुझ्या मशीनचा फूट ज्या दांडीला बसतो तिचा फोटो पाठव, दोन बाजूंनी. उंच दांडी आणि बुटकी दांडी यांचे फूट वेगळे असतात. गुरुवारी मी इतवारीत जातोच आहे, जमणारा मिळाला तर घेऊन ठेवतो. पैसे तू आल्यावर घेईन, फूट कुरिअरने पाठवणार नाही. तू स्वतः ये.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
वसंता