मधली सुट्टी काढून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि महिन्याभरात काही मुलांच्या डायऱ्या लाल शाईने भरू लागतात. ‘जागेवर बसत नाही’, ‘फळ्यावरचे उतरवून घेत नाही’, ‘हुशार आहे, पण मेहनत नाही’. यांतल्या काही मुलांना एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलपणा आवरणे जन्मजातच अवघड जाते. त्याविषयी आता मोकळेपणाने बोलले जाते, हे चांगलेच आहे. मात्र एकीकडे ‘दोन फटके दिले की सुधारेल’ म्हणणारे आहेत, तर दुसरीकडे ‘ही तर दैवी देणगी, उपचार कशाला?’ असे सांगणारे. नुकसान दोन्हीकडे मुलाचेच होते.

या मुलांकडे लक्ष नसते असे नाही. ते कुठे लावायचे आणि कुठून काढायचे, यावर त्यांचा ताबा कमी असतो. ‘मोबाइलवर बरे तासन्‌तास लक्ष लागते!’ ही पालकांची नेहमीची तक्रार. मोबाइलवर दर काही सेकंदांनी बक्षीस मिळते, गृहपाठाचे फळ मात्र चाचणीच्या निकालात, तेही महिन्याने. लांबच्या फळासाठी आत्ता कळ काढणे या मेंदूला अवघड जाते, कारण बक्षिसाची ओढ लावणाऱ्या डोपामाइन या मेंदूतील रसायनाचे काम तिथे थोडे वेगळे चालते. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात या मुलांच्या मेंदूचे बाह्यपटल (बाहेरचा थर) सरासरी तीन वर्षे उशिरा परिपक्व होताना दिसले. वाढीचा क्रम तोच होता, वेग कमी होता. म्हणून चौथीतल्या अशा मुलाकडून दप्तर भरण्याच्या बाबतीत पहिली-दुसरीतल्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवावी. बुद्धीच्या बाबतीत मात्र अपेक्षा जराही कमी करू नये.

आणि या स्वभावाला खरोखरच जमेची बाजू आहे. केनियातल्या अरियाल जमातीचा २००८ सालचा अभ्यास पाहा. एडीएचडीशी जोडला जाणारा एका जनुकाचा प्रकार ज्या पुरुषांत होता, ते भटक्या गटात इतरांपेक्षा चांगले पोसलेले आढळले. एका जागी स्थायिक झालेल्या गटात चित्र उलटे होते. एका अभ्यासावरून सगळे सिद्ध होत नाही, पण तोच गुण एका मांडणीत कामाला येतो आणि दुसरीत आड येतो, हे आमच्या क्षेत्रात रोज दिसते. चटकन धोका पत्करणे, चार वेगळ्या कल्पना सुचणे, गडबडीत डोके शाबूत ठेवणे, आवडत्या कामात बुडून जाणे हे सगळे खरे आहे. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सला एडीएचडीचे निदान नवव्या वर्षी झाले आणि पुढे त्याने २३ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले की तिला एडीएचडी आहे, ती लहानपणापासून त्याचे औषध घेते आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गुण आणि उपचार एकत्र नांदतात, ते असे.

आता रोजचे. वीस गणिते एकदम समोर ठेवू नका. पाच-पाचचे चार तुकडे करा, बाकीचे पान कोऱ्या कागदाने झाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी तीन-चार मिनिटांची सुट्टी द्या. त्या सुट्टीत पाणी पिणे, जिना चढउतार करणे चालेल. मोबाइल नको, कारण तिथून परत येताना रोज भांडण होते. सूचना एका वेळी एकच द्या. ‘हात धू, डबा काढ आणि वही आण’ यातली वही हमखास विसरली जाते. तो उद्धटपणा नसतो.

शाळेसाठी सर्वांत उपयोगी पडते ते रोजचे छोटे कार्ड. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात, उदाहरणार्थ, ‘हात वर करून बोलला’, ‘वर्गपाठ पूर्ण केला’, ‘साहित्य आणले’. शिक्षकांनी प्रत्येक तासाला खूण करायची, घरी त्याच संध्याकाळी छोटे बक्षीस द्यायचे. आज दहापैकी चार खुणा मिळत असतील तर उद्याचे उद्दिष्ट पाच. एकदम नऊ ठेवले की मूल दुसऱ्या दिवशीच हात टेकते. हे कार्ड फसते त्याची कारणेही ठरलेली आहेत. दहा-दहा उद्दिष्टे लिहिली जातात, बक्षीस शनिवारवर ढकलले जाते, किंवा रागाच्या भरात मिळवलेली खूण खोडली जाते. दोन-तीन आठवड्यांत बक्षिसाची गोडी ओसरतेच. तेव्हा बक्षीस बदलावे, कार्ड बंद करू नये.

अपुऱ्या गृहपाठाची शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा पीटीचा तास काढून घेणे तर कृपया थांबवा. हालचालीनेच या मुलांचे पुढच्या तासाचे लक्ष सावरते, आणि आपण नेमकी तीच काढून घेतो. उलट वह्या वाटणे, फळा पुसणे, निरोप नेणे ही कामे त्यांना द्या. बसायची जागा पुढच्या बाकावर, खिडकी आणि दारापासून दूर असावी.

निदानासाठी रक्ततपासणी किंवा एमआरआय नसते. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून, किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुली कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून सुटून जातात. त्यांच्याकडे मुद्दाम पाहा. एडीएचडीसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध गुंगी आणणारे नाही. भूक मात्र कमी करते, म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी द्यावी, रात्रीचे जेवण भरपूर असावे, आणि वजन, उंची, रक्तदाब यांची नोंद ठेवावी. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, मग गरज पडली तरच औषध.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. पथक आले की शिक्षकांनी नाव सुचवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणखी एक: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातील विशिष्ट अडचण) आहे, एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. मुलाला दोन्ही असतील तर अहवालात दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करून घ्या, आणि परीक्षेतील सवलतींसाठीची ही धावपळ दहावीच्या वर्षावर न ठेवता आठवीपर्यंत उरका.

– बालविकास क्षेत्रातील विशेष शिक्षिका व समुपदेशक, पुणे