वादळ म्हणजे वसुली नव्हे

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

केळीची निसवलेली बाग वादळात आडवी झाली, हे आईने काल फोनवर सांगितलं. घड हाताशी आले होते. त्यावर मी काय बोलणार! पण मग ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात, माझ्याच पापाचं फळ हे." ते मात्र मला झोंबलं. गेल्या महिन्यात चर्चमध्ये प्रभूभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरीचं ताट बाकापर्यंत आलं, तर स्वतःला अपात्र समजून तुम्ही ते न घेताच पुढे सरकवलंत म्हणे.

बाबा, बायबलात आहे ना, शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा लोकांचाही हाच हिशेब होता. येशूने विचारलं, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती? आणि स्वतःच नाही म्हणाला. पश्चात्ताप करा, असंही म्हणाला. तो तर तुम्ही केव्हाच केलात, बाटलीसुद्धा सुटली. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळात बागा पडणं नवं नाही. त्या सगळ्या घरांत काय दारूच होती?

कलस्सैकरांच्या पत्रात आहे, आपल्याविरुद्धचा ऋणलेख, म्हणजे पापाच्या कर्जाचा कागद, देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळला. तुम्हाला सोसायटीच्या भाषेत सांगते. कर्ज फिटलं, निल दाखला मिळाला, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. मग त्याच कर्जापोटी पुन्हा वसुलीला कोण येईल? देव तर नाहीच. सैतान येतो, पण त्याच्या हातात कागद नसतो.

प्रेषित पौलाचं तीनदा गलबत फुटलं, फटके खाल्ले, तुरुंग भोगला. तोच पुढे रोमकरांना लिहितो की या सर्व गोष्टींत आपण महाविजयी ठरतो. आपल्या पापामुळे गलबत फुटलं, असं त्याने कुठे म्हटलंय?

आई, उपदेश वाटला तर रागावू नकोस. रात्रपाळीला पेशंटचे नातेवाईकही विचारतात, "सिस्टर, आमचं काय चुकलं?" त्यांना एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत पडलेली खोडं हलवू नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विमा कंपनीला आजच कळवा, मुदत थोडी असते. खतवाल्याची उधारी मी बघते. शनिवारी रात्री भुसावळला उतरते, रविवारी तिघंही चर्चला जाऊ. पाळकसाहेबांशी बाबांनीच बोलावं. मी मध्ये पडणार नाही.

तुमची लेक