हरिपूरची पेवं

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू दिवसभर त्या यंत्रात बघतेस तरी काय?" आणि मी "सांगून कळायचं नाही" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे.

बाबा, लहानपणी तुम्ही मला सांगलीजवळच्या हरिपूरला, हळद साठवायला जमिनीत खणलेली पेवं दाखवायला नेलं होतं. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल असं, आणि आत हे भलं मोठं पोट. मी तेच बघते. फक्त माझी पेवं पेशीच्या पडद्यात असतात, आणि एका मिलिमीटरच्या रांगेत तसली बारा-पंधरा हजार मावतील. १९५५ साली यामादा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला ती पित्ताशयात दिसली. त्यानं नाव दिलं 'छोट्या गुहा'. सांगलीचा असता तर पेवंच म्हणाला असता!

इथं खणणारं कुणी नाही. केव्हिओलिन नावाचं प्रथिन पडद्याच्या आतल्या अंगाला रुतून बसतं, आरपार जात नाही. त्याचे घोळके जमले की केव्हिन नावाची प्रथिनं आतून येऊन चिकटतात आणि पडदा आत वळतो. याला कोलेस्टेरॉल लागतंच. ते काढून घेतलं की खड्डे सपाट. (पण म्हणून बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची नाही. आई, तुपाचा डबा लपवलाय तिथंच राहू दे.)

आई, आता तुझ्या कामाचं. माझ्या फ्रॉकला तू दोन बोटं माया ठेवायचीस आणि पुढच्या जूनमध्ये उसवून सोडायचीस. पेशी तेच करते. ती ताणली, फुगली की हे खड्डे उलगडतात, जादा पडदा मिळतो आणि पेशी फाटत नाही. २०११ साली पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणूनच रक्तवाहिन्यांत, स्नायूंत हे खड्डे दाट असतात. स्नायूंमधल्या केव्हिओलिनमध्ये जन्मजात बिघाड असला, तर स्नायू दुबळे पडत जातात.

त्या दिवशी माझ्याकडून पेशींवरच्या पाण्यात मीठ फारच कमी पडलं. त्या फुगत गेल्या, माया संपली, शिवणच उसवली. तीन दिवसांचं काम पाण्यात. तेवढ्यात बाबांचा फोन आला, आणि राग निघाला तुमच्यावर.

दिवाळीला येते. २००५ च्या पुरातून वाचलेलं एखादं पेव बाबांना ठाऊक असेलच. वाकून आतला फोटो काढायचाय. माझ्या टेबलावर पेशीच्या चित्राशेजारी जागा ठेवली आहे.

तुमची,
मनू