डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तो रागानंच, हे आईनं सांगायची गरज नव्हती. फोनवर माझं भाषण होतं आणि तू नुसती 'हं, हं' करतेस, म्हणून लिहितोय. आज फक्त तुझ्या पोलीस भरतीच्या गणिताबद्दल. तुझ्या हायवेवर पळण्याचा विषय काढणार नाही.

तू पाठवलेला प्रश्न कॅलेंडरच्या मागं उतरवून घेतला. माणूस दक्षिणेकडे 9 किमी जातो, डावीकडे वळून 6 किमी, मग उत्तरेकडे वळून 17 किमी. आता तो निघाल्या जागेपासून किती दूर, कोणत्या दिशेला? तू लिहिलंस 10 किमी, वायव्य. अंतर बरोबर आहे. सतरातून नऊ गेले, उत्तरेला 8 उरले, आडवे 6, म्हणून दहा. गवंडी पाया आखताना दोरीनं तीन-चार-पाच धरून काटकोन बघतो, त्याचीच दुप्पट. तिथं तू चुकायची नाहीस. चुकलं ते पहिलं वळण. दक्षिणेची रेघ खाली ओढलीस आणि कागदाच्या डावीकडे गेलीस. डावीकडे म्हणजे चालणाऱ्याच्या डावीकडे! दक्षिणेला तोंड केलं की डावा हात उगवतीला. उत्तर ईशान्य.

गोंधळ झाला तर आपली कोयना आठव. महाबळेश्वरहून निघून सह्याद्रीच्या कडेनं दक्षिणेला येते आणि हेळवाकला डावीकडे वळते. जाते कुठं? पाटणवरून कराडला, पूर्वेला. एसटीच्या खिडकीतून इतकी वर्षं बघतेयस.

आणि प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचत जा. तो घराच्या कोणत्या दिशेला, असं विचारलं तर ईशान्य. घर त्याच्या कोणत्या दिशेला, असं विचारलं तर नैऋत्य. पर्यायांत दोन्ही ठेवलेले असतात. एकूण किती चालला याचे 32 पण तिथंच बसवलेले असतात. पेपर काढणारे भलते डांबरट.

मी जमीन मोजणीला लागलो तेव्हा मलाही हे जड गेलं. साहेब नकाशाच्या फलकावर मान घालून ओरडायचे, 'डावीकडे घे!' मी साखळी धरून त्यांच्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्यांचं डावं ते माझं उजवं. 33 फुटांची ती लोखंडी साखळी, भर उन्हात हाताला चटके द्यायची. चार बाजूंनी एकेक साखळी धरली की झाला गुंठा, आणि त्या गुंठ्यासाठी सख्खे भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन आलेले मी बघितलेत. सुट्टीत तू माझ्यामागं यायचीस. झेंडी हातात दिली की हलायची नाहीस, मुंग्या चावल्या तरी. ही पोरगी वर्दीत जाणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. आईला बोललो नाही, तिला तुझं डी.एड. हवं होतं.

सावलीचे प्रश्न तर सोपेच. सूर्य उगवताना सावली पश्चिमेला. उत्तरेला तोंड करून उभं राहिलं तर ती डाव्या हाताला पडते, मावळताना उजव्या. पण पहाटे साडेचारला सावली कुठली? त्या वेळी तू ट्रकवाल्याला दिसतेस तरी का?

आलोच बघ तिथं. आता आलोय तर बोलून घेतो. मैदानात चिखल आहे हे मान्य. आठशे मीटरचा सराव बुडवून चालत नाही, हेही मान्य. मैदानी चाचणीचे 50 मार्क आहेत आणि त्यात पुरेसे मिळाल्याशिवाय लेखीच्या शंभरापर्यंत पोचता येत नाही, हे मला कळतं. पण आपल्याकडं गाड्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून पायी माणसानं उजव्या कडेनं जायचं. गाडी समोरून येताना दिसली पाहिजे. आपल्या बापूंना मागून आलेली गाडी दिसली नाही, ते डाव्या कडेनंच चालले होते. कानात ते वायर घालून पळू नकोस. एकटी पळू नकोस. मुळात उजाडल्याशिवाय पळूच नकोस, अर्ध्या तासानं काही भरती हुकत नाही.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. तू चोवीस वर्षांची आहेस, कुठं पळायचं ते तुझं तुला कळतं. खालच्या आळीतला कुणी विचारतो, 'पोरगी काय करते?' तेव्हा मी छाती काढून सांगतो. घरी येऊन मात्र रात्री पंख्याकडं बघत पडतो, हे आई तुला सांगेलच, तिच्या पोटात काही राहत नाही.

दादा आला नाही अजून. आजीचा गुडघा तसाच. म्हैस आटलीय, त्यामुळं तुपाचा डबा या महिन्यात नाही.

तुझे
आबा

ता. क. पैसे टाकलेत. त्यातून रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसलं चमकणारं जाकीट घे, बुटांचं पुढच्या महिन्यात बघू. घेतलंस की घालून फोटो पाठव, नुसतं 'घेतलं' म्हणू नकोस.